तांबं कुणाच्या बापाचं?

हल्ली 'वारसा' हा शब्द फार गोड झाला आहे. कुठल्याही हस्तकलेच्या प्रदर्शनात जा. हातानं ठोकलेलं तांब्याचं भांडं काचेमागं ठेवलेलं असतं आणि खाली पाटी असते : पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा. बघणारा हळहळतो. अरेरे, कला मरत चालली, तांबटाची पोरं आता बापाचा धंदा करत नाहीत! हळहळणारा स्वतः मात्र बापाचा धंदा करत नसतो. त्याचा आजा भिक्षुकी करायचा, बाप कचेरीत कारकून झाला आणि हा परदेशी कंपनीत साहेब आहे. त्याच्या घरातली भिक्षुकी मेली म्हणून कुणी त्याच्याकडं बघून हळहळलं नाही. वारसा सांभाळायची जबाबदारी नेहमी दुसऱ्याच्या पोरांवर.

मला या हळहळीबद्दल बोलायचं आहे, कारण तिच्या पोटात एक खरा प्रश्न आहे. आपण जात मोडायला निघालेली माणसं. जो हुन्नर जातीनं जपला, त्याचं आपण काय करायचं? जातीबरोबर तोही जाळायचा, की हुन्नर जगावा म्हणून जातीला थोडी मुदतवाढ द्यायची? आपल्या पोरांच्या बैठकीत मी दोन्ही उत्तरं ऐकली आहेत. एक म्हणतो, 'मरू दे ना साला, आपल्याला त्या तांब्याचं पाणी कधी मिळालं?' दुसरा म्हणतो, 'कला ती कला, तिच्यात जात कशाला आणता?' मला दोन्ही पटत नाहीत.

आधी हे काम काय असतं ते बघू. नाहीतर आपणही काचेबाहेरूनच बोलू.

मी तांबट नाही. माझ्या घरच्यांनी १९५६ साली धम्म घेतला, त्यानंतरचा माझा जन्म. पण तांब्याचा पत्रा मला कळतो. माझा बाप रेल्वेच्या एका वर्कशॉपात खलाशी म्हणून लागला आणि पुढं तांबेकामाच्या खात्यात गेला. वाफेच्या इंजिनाला तांब्याच्या नळ्या लागत. त्या वाकवताना आत वाळू ठासून भरायची, नाहीतर वळणावर नळी चेपते. माझ्या बापाला अक्षर येत नव्हतं, पण नळी कुठं चेपेल हे त्याला वाकवायच्या आधी कळायचं. १९७८ साली मी आयटीआयला पत्राकाम शिकलो, आणि नोकरीतून सुटल्यावर वस्तीतल्या पोरांना शिकवत आलो. म्हणून सांगतो.

तांब्याचा सपाट पत्रा घ्यायचा, गोल कापायचा. लाकडाच्या खोलगट ठोकळ्यावर ठेवून मोगरीनं ठोकायला लागायचं. पत्रा हळूहळू वाटीसारखा बसतो. मग लोखंडी दांड्यावर पालथा घालून बाहेरून ठोके द्यायचे, गोल फिरवत, एका ओळीत. इथं एक गंमत होते. ठोकून ठोकून तांबं मऊ होईल असं आपल्याला वाटतं. होतं उलटं. प्रत्येक ठोक्याला ते ताठरतं. एका हद्दीनंतर ते वाकत नाही, आणि तरीही मारत राहिलात तर काठाला तडकतं. तेव्हा थांबावं लागतं. भट्टीत घालून काळपट लाल होईस्तोवर तापवायचं आणि पाण्यात बुचकळायचं. पोलाद असं लाल करून पाण्यात घातलं तर कडक होतं, तांबं मऊच राहतं. तांबं वितळतं १०८५ अंशांवर. आपल्याला तिथवर जायचं नसतं, त्याच्या बरंच अलीकडं थांबायचं. ते कुठं, हे रंगावरून ओळखायचं. म्हणून जुने कारागीर भट्टी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवत. उन्हात लाल रंग फसवतो.

ठोका, ताठरलं की तापवा, विझवा, पुन्हा ठोका. एका घागरीला हे किती वेळा होतं ते घागर ठरवते. घागरीचं पोट आणि गळा वेगळे करून जोडायचे, तर एका काठाला दाते कापायचे, एकाआड एक वर-खाली करायचे, त्यात दुसरा काठ बसवायचा आणि टाकणखार लावून पितळेनं झाळायचं. शेवटी गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं सबंध भांडं मठारायचं. ते जे बारीक बारीक चकाकणारे खळगे दिसतात, ज्यांच्यावर प्रदर्शनातली माणसं बोटं फिरवतात, ते नक्षी म्हणून जन्मले नाहीत. त्या शेवटच्या ठोक्यांनी पत्रा ताठ होतो, भांडं पोचत नाही. आधी ताकद, मग शोभा. मग आतून चिंच-मिठानं घासायचं, तापवायचं, नवसागर टाकायचा आणि कथलाचा हात फिरवायचा. ही कल्हई. ती नसेल तर आंबट अन्नाला तांबं कळकतं आणि माणूस ओकतो.

आता या सबंध कामात मला दाखवा, जन्म कुठं लागतो? भट्टीचा रंग ओळखायला डोळा लागतो. ठोका नेमका पाडायला मनगट लागतं. दोन्हीला वर्षं लागतात आणि शिकवणारा लागतो. माझा बाप म्हणायचा, "आरं, तांबं इचारत न्हाई तू कुनाचा. ठोका नीट पडला का येवढंच इचारतं." तो काही तत्त्वज्ञ नव्हता. पण 'हुन्नर रक्तात असतो' या वाक्याचा पराभव त्यानं रोज आठ तास केला. महाराच्या रक्तात तांबं नव्हतं. इंजिनाला नळ्या हव्या होत्या, हात कमी पडत होते, दार थोडं किलकिलं झालं, हात शिकला. बस, एवढंच लागतं.

पण दार किती किलकिलं होतं तेही ऐका. त्या खात्यात पिण्याच्या पाण्याचं एक पिंप होतं आणि त्यावर तांब्याचा गडू. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या बापानं त्या गडूला हात लावायचा नाही असा रिवाज होता. दुसऱ्यानं वरून पाणी ओतायचं, यानं ओंजळ धरायची. एकदा गडू पडला, पोचला. तो ठोकून सरळ कुणी केला? माझ्या बापानं. मांडीवर घेतला, आत हात घातला, तासभर ठोकला, घासून चकचकीत करून दिला. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओंजळ. ठोकताना त्याचा हात हात होता, पिताना तोच हात महाराचा झाला. म्हणजे आक्षेप स्पर्शाला नव्हताच. स्पर्श त्यांना कामापुरता चालत होता. आक्षेप होता बरोबरीला.

ही एका खात्याची तऱ्हा नव्हे. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत. कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि त्या धोट्याला आपलं तोंड लागलं तर इतरांना विटाळ. पगार चांगला त्याच खात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांसमोर हाच प्रश्न टाकला होता. कामगार सारे एक, तर मग हे दार बंद का?

भांड्याकडं परत येतो, कारण भांड्यातच सगळं आहे. मराठीत पाण्याच्या भांड्यालाच 'तांब्या' म्हणतात. म्हणजे भाषेनं गृहीत धरलं आहे, की पाणी पिणाऱ्याच्या घरात तांबं आहे. आमच्या आजीच्या घरात मडकं होतं. ते गरिबीमुळं होतं असं कुणी सांगेल. गरिबी होतीच. पण नुसत्या गरिबीला नियम लागत नाहीत. इथं नियम होता. मनुस्मृतीचा दहावा अध्याय चांडाळांना गावाबाहेर राहायला सांगतो, फुटक्या भांड्यात जेवायला सांगतो, दागिने लोखंडाचे घालायला सांगतो. आणि त्याच पुस्तकाचा पाचवा अध्याय तांबं, लोखंड, कासं, पितळ, कथील, शिसं विटाळलं तर शुद्ध कसं करायचं ते सांगतो : क्षार, आंबट आणि पाणी. बघा मित्रांनो, नीट बघा. विटाळलेल्या तांब्याला चिंचेनं घासलं की ते शुद्ध. माणसाला मात्र कुठलीच चिंच नाही. धातूला जेवढी सवलत दिली तेवढी माणसाला दिली नाही. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे पुस्तक जाळलं, ते याच्यासाठी.

आणि हा नियम पोथीत झोपलेला नव्हता. अहमदाबाद जिल्ह्यात झनू नावाच्या गावी नोव्हेंबर १९३५ मध्ये अस्पृश्यांच्या बायका धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या. सवर्णांना तो आपला अपमान वाटला, त्यांनी त्या बायांना मारहाण केली. बाबासाहेबांनी ही हकिकत 'जातिसंस्थेचे निर्मूलन' मध्ये नोंदवून ठेवली आहे. त्या बायांनी कुणाची विहीर बळकावली नव्हती, कुणाला शिवल्या नव्हत्या. घागर मातीची नव्हती, इतकाच गुन्हा. डोक्यावरची घागर चमकली आणि काठ्या निघाल्या.

त्याच पुस्तकात बाबासाहेब सांगतात, की पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याला थुंकण्यासाठी गळ्यात मडकं बांधून फिरावं लागे. आणि त्याच पेशवाईच्या आश्रयानं पुण्याच्या कसब्यात तांबट आळी वाढली. एकाच शहरात, एकाच काळात, दोन भांडी. एक ठोकून ठोकून घडवलेलं, देवघरात आणि न्हाणीघरात जाणारं. दुसरं आमच्या गळ्यात. वारशाची गोष्ट सांगायची तर दोन्ही भांडी एका काचेत ठेवा. मग मी म्हणेन, तुम्ही खरा इतिहास मांडला.

इथं आपला पहिला मित्र उठून म्हणेल, 'झालं तर मग! मरू दे तो हुन्नर.' थांब जरा. तुझा राग खरा आहे, पण तो चुकीच्या माणसावर पडतो आहे. तांबट आळीतला म्हातारा कारागीर काही पेशवा नव्हता. धुरानं त्याचे डोळे गेले, ठोक्यांनी कान गेले. दिवसभर उकिडवं बसून गुडघे गेले. त्याच्या कामाची चमक सावकाराच्या आणि दुकानदाराच्या घरात गेली. श्रेणीबद्ध विषमतेची हीच करामत आहे. त्याला आपल्या वर ठेवलं आणि त्याच्या वर दहा जण ठेवले. वरच्यांकडं बघून तो कुढला, आपल्याकडं बघून सुखावला, आणि त्या सुखात स्वतःची बेडी विसरला. इतकी बेडी, की झाडावर टुक-टुक करणाऱ्या पाखरालासुद्धा आपण 'तांबट' म्हणतो. पाखराला जातीचा दाखला मिळाला!

त्याची बेडी कधी दिसली? अल्युमिनियम आलं, मग स्टील आलं, यंत्रावर दाबून काढलेली भांडी आली. गॅस आला आणि न्हाणीघरातला बंब गेला. हुन्नर होता, गिऱ्हाईक नव्हतं. बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगून ठेवलं होतं, की धंदे बदलत राहतात, माणसाला धंदा बदलायची मोकळीक हवी, आणि जात ती मोकळीक देत नाही म्हणून बेकारी वाढवते. जातीनं कामं वाटली असं म्हणणं अर्धवट आहे, तिनं काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडून पायऱ्यांवर बसवलं. तांबटाचा पोरगा बँकेत गेला तर मला आनंद होतो. तो सुटला. त्याला 'वारसा सोडला' म्हणून लाजवणारा माणूस त्याचा मित्र नव्हे.

आता दुसरा मित्र. 'कला ती कला, तिच्यात जात कशाला?' बाबा रे, जात मी नाही आणली. २०१४ साली युनेस्कोनं पंजाबातल्या जंडियाला गुरू गावच्या ठठेऱ्यांचं तांब्या-पितळेचं भांडीकाम मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. काम अस्सल आहे, मान मिळाला याचं मला वाईट वाटत नाही. पण त्या नोंदीत हुन्नर बापाकडून मुलाकडं जातो हे आलं आहे, ते वाचून बाहेरची माणसं माना डोलावतात. मी विचारतो, बापाकडून मुलाकडं आणखी काय काय जात होतं? झाडू जात होता. मेलेलं जनावर ओढायचा दोर जात होता. मैल्याची पाटी सासूकडून सुनेकडं जात होती. तोही हात पिढ्यान्‌पिढ्यांचा, त्यालाही शिकावं लागे. त्याला कुणी वारसा म्हणालं का? त्याच्यावर बंदी आणायला १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदे करावे लागले, आणि तरी गटारात माणसं मरतात. वारसा देण्याची रीत एकच. एका टोकाला तिला कला म्हणायचं, दुसऱ्या टोकाला नशीब. रीत पवित्र असेल तर दोन्हीकडं पवित्र हवी. नसेल तर दोन्हीकडं मोडा.

वाडवडिलांचा धंदा हाच धर्म, हा विचार जुना आहे आणि पुन्हा पुन्हा नवे कपडे घालून येतो. १९३६ साली गांधीजींनी बाबासाहेबांना उत्तर देताना वर्णाचा नियम म्हणजे पिढीजात धंद्यावर पोट भरणं असाच मांडला. बाबासाहेबांनी उलट विचारलं, की मग स्वतः महात्म्यांनी वाण्याचा तराजू सोडून वकिली का धरली? त्या प्रश्नाला आजही उत्तर नाही. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी शाळा अर्ध्या वेळेची केली, उरलेल्या वेळात पोरांनी बापाचं काम शिकावं म्हणून. पेरियार आणि द्रविड चळवळीनं ती 'कुलशिक्षणाची' योजना म्हणून धारेवर धरली, आणि १९५४ साली ती मागं घ्यावी लागली. २०२३ साली केंद्र सरकारनं १८ पारंपरिक धंद्यांसाठी विश्वकर्मा योजना आणली. कर्ज मिळतं, अवजारं मिळतात, ठीक आहे. गरजू कारागिरानं ती जरूर घ्यावीत. पण तिच्या नियमांतही हे धंदे 'कुटुंबावर आधारलेले' असंच म्हटलं आहे. म्हणजे सरकारच्या डोक्यातसुद्धा हातोडी अजून घराण्याचीच आहे. हातोडीला घराणं नसतं. हातोडीला दांडा असतो, आणि दांडा कुणाच्याही मुठीत बसतो.

मग माझं उत्तर काय? हुन्नर माणसाचा आहे, जातीचा नाही. जातीनं तो घडवला नाही, फक्त कुलूप लावून ठेवला. एखाद्यानं विहिरीला कुंपण घातलं म्हणून पाणी त्याचं होत नाही. २० मार्च १९२७ ला आपली माणसं चवदार तळ्यावर गेली ती तळं बुजवायला नव्हे, पाणी प्यायला. पाणी विटाळलं म्हणून त्यांनी तळं पंचगव्यानं शुद्ध करून घेतलं, तरीही आपण तळ्यावर रागावलो नाही. हुन्नराच्या बाबतीत हाच रस्ता. तळं फोडायचं नाही, कुंपण फोडायचं.

म्हणजे नेमकं काय करायचं? वारसा वाचवायच्या शिबिराला पैसा मिळतो, तिथं जाऊन विचारा : शिकायला कोण बसलं आहे? कारागिराच्या घरचीच पोरं आणि हौशी साहेबांच्या मुली, एवढंच असेल तर तिथं जात वाचते आहे आणि हौस भागते आहे, हुन्नर वाचत नाही. आपल्या वस्तीतल्या पोरीला तिथं बसवा. मुद्दाम पोरीला म्हणतो. कारण बापाकडून मुलाकडं या वाटेवर लेक कुठंच नव्हती. तांबटाच्या घरातसुद्धा बाईच्या वाट्याला भांडं घासणं आलं, घडवणं नाही. दुसरं, म्हातारे कारागीर आहेत तोवर त्यांच्यापाशी जा. मान देऊन जा, काका म्हणून पायरीशी बसा, पण शिकून घ्या, लिहून ठेवा. कुठल्या रंगाला पत्रा काढायचा हे कुठल्याही पोथीत नाही, ते त्यांच्या डोळ्यात आहे. आणि तिसरं, शिकलेल्या पोराला यातच राहा असं कधी म्हणू नका. त्याला उद्या वकील व्हायचं असेल तर होऊ दे. ज्या कामात येता येतं आणि ज्यातून जाता येतं, त्याच कामाला प्रतिष्ठा असते. येण्याचं दार बंद असेल तर ती मक्तेदारी, जाण्याचं बंद असेल तर ती गुलामी. जातीनं दोन्ही दारं बंद केली आणि आतल्या माणसाला सांगितलं, की हा तुझा धर्म.

'श्रमाची प्रतिष्ठा' यावर भाषणं ऐकली की मी एवढंच तपासतो : बोलणाऱ्याच्या घरातलं कोण हे काम शिकतं आहे? आणि हे काम करणाऱ्याच्या घरातलं कोण त्याच्या खुर्चीवर जाऊ शकतं? या दोन प्रश्नांना उत्तर नसेल तर ते भाषण कल्हई आहे. कल्हई वरून चकाकते. पण कथील २३२ अंशांवर वितळतं. रिकामं भांडं चुलीवर ठेवलं की ती पघळते, आणि खालचं तांबं उघडं पडतं.

माझ्याकडं शिकणाऱ्या पोरांत आज मांगाची, महाराची, पारध्याची, मराठ्याची आणि एक तांबटाचीही पोर आहे. तांबटाच्या पोरीचा पहिला महिना पत्रा तडकवण्यातच गेला, इतरांसारखाच. आता ती भट्टीचा रंग ओळखते, पारध्याचा पोरगा तिच्याहून बरा ओळखतो. पाण्याचा माठ सगळ्यांचा एक आहे. त्याच्यावर जो गडू आहे तो याच पोरांनी ठोकलेला आहे. थोडा वाकडा बसतो, पण गळत नाही.

जय भीम.